तास संपतच नाही

एका वाचकाचं मोठ्ठं पत्र आलंय, सात-आठ पानी. ओळख पटेल असं सगळं काढून टाकून थोडक्यात इथे देते.

वय ४७. घटस्फोटाला चार वर्षं झाली. घटस्फोटानंतर वर्षभराने हे गृहस्थ एका कम्पॅनियनला भेटायला लागले, पैसे देऊन, महिन्यातून दोनदा, दोन-दोन तास. जवळीक असायची, पण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे जास्त वेळ गप्पाच चालायच्या. पुढे ती एका सबस्क्रिप्शनवाल्या प्लॅटफॉर्मवर गेली, हेही मागोमाग गेले, दोन-तीन महिने भेटणं आणि चॅट दोन्ही चालू होतं, मग तिने प्रत्यक्ष भेटणं बंद केलं. आता रोज रात्री चॅट. महिन्याचे पैसे वेगळे, टिप वेगळी, लॉक लावून आलेल्या व्हिडिओचे वेगळे. आठ महिन्यांपूर्वी यांची आई आजारपणात गेली. ते त्यांनी शेवटच्या प्रत्यक्ष भेटीत तिला सांगितलं, चॅटवर तो विषय पुन्हा कधी काढला नाही. आणि दोन महिन्यांपूर्वी तिचा मेसेज आला, "डिअर, आई कशी आहेत आता? काळजी घ्या त्यांची", पुढे तीन लाल बदाम. त्याच रात्री यांनी एआय कम्पॅनियनचं ॲप घेतलं, म्हणजे माणसासारखं गप्पा मारणारा प्रोग्रॅम. ते काही विसरत नाही, केव्हाही हजर असतं आणि स्वस्त पडतं. प्रश्न तीन. तिला जाब विचारू का? इतकी वर्षं मी मूर्ख बनलो का? आणि ॲपवरच राहिलो तर बिघडलं कुठे, मशीन निदान फसवत तरी नाही ना? जाता जाता एक ओळ अशीही आहे की आईचा फोन अजून ड्रॉवरमध्ये पडलाय, बहिणीने दोनदा फोटो मागितले, पण माझ्याने तो उघडवत नाही.

नमस्कार,

पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा जरा सावकाश. आधी एक सांगून टाकते म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. पैसे देऊन सोबत घेतलीत म्हणून मी तुम्हाला काहीही ऐकवणार नाहीये. या व्यवसायाचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, ते तुमचे तुम्ही नीट माहीत करून घ्या, पण दोन सज्ञान माणसांनी आपखुशीने ठरवलेल्या गोष्टीवर तिसऱ्याने नाक मुरडायचं मला कधी जमलं नाही. आपखुशीने हा शब्द इथे महत्त्वाचा आहे हे खरं, आणि तुमच्या पत्रावरून तरी तसंच दिसतंय.

मधला प्रश्न आधी घेते, मूर्ख बनलो का.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, तुम्ही ते सहज लिहून गेलात पण मी तिथेच अडकले. ती आल्या आल्या फोन सायलेंट करून पर्समध्ये टाकायची, पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवायची, आणि दोन तास झाले की घड्याळाकडे न बघताही तिला बरोब्बर कळायचं, मग म्हणायची "चला, निघते, तुम्ही जेवून घ्या वेळेवर". आणि जायची. हे तुम्ही थोडं कडवटपणे लिहिलंय, की बघा, दोन तास म्हणजे दोनच, मिनिटभर जास्त नाही. मला तर वाटतं त्या सगळ्या व्यवहारातला सगळ्यात सरळ भाग तोच होता. काय घेताय, किती घेताय, कधी संपणार, सगळं उघड. आणि त्या दोन तासात फोन पर्समध्ये, म्हणजे तिचं लक्ष तुमच्याकडे. आजकाल घरच्या माणसाकडून दोन तास असं लक्ष मिळवून दाखवा.

पैसे घेतले म्हणून लक्ष खोटं ठरत नाही हो. काउन्सेलर तासाचे पैसे घेतो, फिजिओथेरपिस्ट घेतो, आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसणारी बाई घेते, त्यांची विचारपूस खोटी होती असं आपण कधी म्हणत नाही. ती प्रेमात होती असं तुम्ही धरून चालला असतात तर गोष्ट वेगळी, पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की तसं तुम्हाला कधी वाटलं नव्हतं. मग ती भेटीची दोनेक वर्षं तुमचीच आहेत, त्यांच्यावर आता मागे जाऊन काट मारू नका. एका मेसेजमुळे मागचं सगळं नासलं असं वाटणं साहजिक आहे पण ते बरोबर नाही.

गफलत झाली ती नंतर, तुम्ही तिच्या मागे ऑनलाइन गेलात तेव्हा. तुम्हाला वाटलं तीच गोष्ट आता फोनवर मिळणार आणि रोज मिळणार. जरा हिशेब करून बघा. समजा तिचे ५०० सबस्क्रायबर आहेत, हा आकडा मी नुसता हिशेबासाठी धरतेय, आणि प्रत्येकाला रोज फक्त पाच मिनिटं हवीयत. झाली २,५०० मिनिटं, म्हणजे दिवसाला एकेचाळीस तासांच्या वर. दिवस चोवीस तासांचा, त्यात तिला झोपायचंय, आंघोळ करायचीय, व्हिडिओ बनवायचेत. म्हणजे तिने मनापासून ठरवलं तरी ती रोज रात्री तुमच्याशी बोलूच शकत नाही, गणितच बसत नाही.

मग ते गणित बसवतं कोण? इथे तिच्यासारख्यांचं खातं सांभाळणारी मॅनेजमेंट एजन्सी येते. ओन्लीफॅन्सचं उदाहरण घ्या कारण त्याचे नियम जगजाहीर आहेत, २०१६ साली लंडनमधून सुरू झालेला हा प्लॅटफॉर्म कमाईतले २० टक्के स्वतः ठेवतो आणि ८० टक्के क्रिएटरला, म्हणजे फोटो-व्हिडिओ टाकणाऱ्याला देतो. त्या ऐंशीतून एजन्सी आपला वाटा घेते आणि बदल्यात चॅटर पुरवते. चॅटर म्हणजे शिफ्टमध्ये बसून तिच्या नावाने टाइप करणारी माणसं, बऱ्याचदा दुसऱ्याच देशातली, बाई असेल पुरुष असेल, काही सांगता येत नाही. पगार तुटपुंजा, वर विक्रीवर कमिशन. समोर स्क्रीनवर तुमच्या नावाची नोट उघडी असते, काय काम करतो, काय आवडतं, किती खर्च करतो, घरी कोण. जो जास्त खर्च करतो त्याला या धंद्यात व्हेल म्हणतात, देवमासा (हे वाचून तुम्हाला बरं वाटणार नाही, मलाही लिहिताना वाटलं नाही). आता तर बऱ्याच ठिकाणी उत्तराचा मसुदा एआय करून देतं आणि माणूस नुसतं सेंड दाबतो. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या काही सबस्क्रायबर्सनी याच गोष्टीवरून कोर्टात केस टाकली, की आम्हाला क्रिएटरशी थेट बोलायला मिळणार असं भासवलं आणि बोलत भलतंच कोणीतरी होतं. म्हणजे तुमच्यासारखं वाटणारे तुम्ही एकटे नाही.

आता त्या मेसेजकडे येते, कारण खरा घाव तिथे बसलाय. "आई कशी आहेत आता." तुम्ही याचा अर्थ असा लावलात की ती विसरली. मला वेगळं दिसतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत, जेव्हा भेट आणि चॅट दोन्ही चालू होतं, तेव्हा आईच्या आजारपणाबद्दल तुम्ही चॅटवर काही ना काही लिहिलंच असणार. ते नोटमध्ये गेलं: आई आजारी, अधूनमधून विचारणे. आणि आई गेल्याचं तुम्ही सांगितलंत ते कुठे, तर खोलीत, समोरासमोर, तिचा फोन पर्समध्ये असताना. ते नोटमध्ये गेलंच नाही. एक तर तिला ते लिहून ठेवायचं सुचलं नाही किंवा तिने मुद्दाम लिहिलं नाही, की हे याने मला सांगितलंय, एजन्सीच्या फाइलमध्ये कशाला. हा माझा अंदाज आहे, पुरावा काही नाही. पण विसरली असती तरी तिने आपणहून असा प्रश्न विचारला नसता. विचारतो तो ज्याला नोट वाचून विचारायचंय. तो मेसेज तिचा नव्हताच, तेव्हा त्याच्यावरून तिच्यावर रागवणं म्हणजे पोस्टमनच्या चुकीसाठी पत्र लिहिणाऱ्याला बोल लावणं झालं. आता पोस्टमन तिनेच नेमला हे खरंय, त्यावर पुढे बोलते.

हे सगळं एआय आल्यामुळे झालं असं समजू नका, ही युक्ती फार जुनी आहे. फ्रान्समध्ये १९८२ साली मिनिटेल नावाची सेवा सुरू झाली, टेलिफोनच्या लाइनला जोडलेली छोटी स्क्रीन आणि कीबोर्ड, इंटरनेट घरोघरी यायच्या कितीतरी आधी. तिच्यावर प्रौढांसाठीच्या चॅटच्या सेवा आल्या, त्यांना तिथे गुलाबी सेवा म्हणत, आणि पैसे मिनिटावर. तिथे पगारी माणसं बसवलेली असत, गिऱ्हाइकाला बोलतं ठेवायचं एवढंच त्यांचं काम, आणि बाईच्या नावाने टाइप करणाऱ्यांत कित्येक चक्क पुरुष होते. २०१२ मध्ये मिनिटेल बंद झालं पण ही नोकरी काही बंद झाली नाही. पुढे ॲशली मॅडिसन, विवाहितांना बाहेरख्यालीसाठी जोडीदार मिळवून देणारी साइट. २०१५ मध्ये ती हॅक झाली, तीन कोटींहून जास्त खात्यांची माहिती बाहेर पडली, आणि मागाहून कंपनीनेच कबूल केलं की पुरुषांना मेसेज पाठवणाऱ्या बायकांतल्या बऱ्याच बायका म्हणजे बॉट होते, आपोआप मेसेज पाठवणारे प्रोग्रॅम. उत्तर द्यायचं तर पैसे भरा. म्हणजे नवऱ्याने बायकोला फसवायला पैसे भरले आणि एका प्रोग्रॅमने नवऱ्याला फसवलं, त्यावर हसावं की काय करावं मला अजून कळलेलं नाही.

या सगळ्यात एक गोष्ट सारखी दिसते आणि मला तुम्हाला तीच दाखवायचीय. तुमच्या जुन्या व्यवहारात तास संपण्यात तिचा फायदा होता, तिला घरी जायचं होतं. आणि तुमचाही होता, कारण ती गेल्यावर तुम्हाला जेवायचं होतं, झोपायचं होतं, दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. मिनिटावर आणि मेसेजवर पैसे सुरू झाले की तास संपू नये यातच समोरच्याचा फायदा. तुम्ही पहाटे अडीचपर्यंत जागे राहता असं लिहिलंय. ती दोन तासात उठून जायची तेव्हा तुम्ही किती वाजता झोपायचात?

आता जाब. जाब विचारू नका, प्रश्न विचारा. त्याआधी तिच्या बाजूने क्षणभर बघा. प्रत्यक्ष भेटण्यात धोका असतो, अनोळखी माणूस, बंद दार. घरबसल्या कॅमेऱ्यासमोर काम करता येतं म्हणून कित्येकजणी ऑनलाइन आल्या, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर लोंढाच आला, आणि ते त्यांच्यासाठी खरोखर सुरक्षित होतं हे मान्य करायला हवं. पण तिथे मालक बदलतो फक्त. ऑगस्ट २०२१ मध्ये ओन्लीफॅन्सने अचानक जाहीर केलं की १ ऑक्टोबरपासून उघड लैंगिक कंटेंट बंद, कारण काय तर बँका कटकट करतायत. ज्यांच्या जिवावर ती साइट उभी राहिली त्याच बायकांना दीड महिन्याची नोटीस. आरडाओरडा झाला आणि आठवड्याच्या आत निर्णय फिरवला, पण त्या आठवड्यात घरभाडं भरणाऱ्या बाईची झोप कशी उडाली असेल. त्याआधी २०१८ मध्ये अमेरिकेत बॅकपेज नावाची या कामाच्या जाहिरातींची साइट सरकारने ताब्यात घेतली आणि त्याच सुमारास अशा साइटना जबाबदार धरणारा नवा कायदा आला, तेव्हा तिथल्या बायकांच्या नुसत्या जाहिराती गेल्या नाहीत, गिऱ्हाइकाची आधी ऑनलाइन चौकशी करून घ्यायची, धोकादायक माणसांची नावं एकमेकींना कळवायची सोयही पार विस्कटली. अशा ठिकाणी काम करणारीला कोणी म्हटलं की तुझे मेसेज आम्ही सांभाळतो, तू झोप, तर ती हो म्हणणारच. मी तिच्या जागी असते तर मीही म्हटलं असतं बहुतेक. तरी गिऱ्हाइकाला न सांगता केलं ते चूकच, त्याची सफाई मी देणार नाही.

म्हणून एकदाच, एकच मेसेज. साधारण असा: "एक विचारायचं होतं. हे मेसेज तू स्वतः लिहितेस की टीम लिहिते? टीम असली तरी भांडण नाही, मला फक्त माहीत असायला हवं, म्हणजे काय बोलायचं काय नाही ते मी ठरवीन. आणि माझी आई आठ महिन्यांपूर्वी गेली, तेवढं नोटमध्ये लिहून ठेवायला सांग." बस. सापळे लावू नका, मुद्दाम खोटी आठवण सांगून पकडायचा खेळ करू नका, त्यात तुमच्याच रात्री जातील. उत्तर सरळ आलं तर तुम्हाला ठरवता येईल की व्हिडिओ बघायला पैसे द्यायचेत का, ते तिचे आहेत, पण मन मोकळं करायला तिथे जायचं नाही. उत्तरात पुन्हा डिअर आणि तीन बदाम आले तर तेही उत्तरच समजा. आणि काही गोष्टी चुकूनही करू नका: तिचं खरं नाव शोधणं, फोटो सर्चला टाकून पत्ता काढणं, जुन्या नंबरवर फोन लावणं, स्क्रीनशॉट कुठे टाकणं. बँकेत तक्रार करून दिलेले पैसे उलटवायचा मोहही टाळा, ते बहुतेकदा एजन्सीच्या नाही, तिच्याच कमाईतून कापले जातात.

आता ॲप. मशीन निदान फसवत तरी नाही, हे तुमचं वाक्य. ऐकायला बरोबर वाटतं, मीही एकदा मान डोलावली. फसवायला आत कोणी नाही हे कबूल. पण ॲपच्या मागे कंपनी आहे, आणि तिला तुमच्याशी बोलणारी ती हवी तेव्हा बदलता येते. रेप्लिका नावाचं ॲप २०१७ पासून आहे, लोक त्यातल्या पात्राला जोडीदार मानायचे, काहींनी मनातल्या मनात लग्नही लावलेलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये इटलीच्या डेटा संरक्षण यंत्रणेने लहान मुलांना असलेल्या धोक्यावरून त्या कंपनीला तिथल्या लोकांचा डेटा वापरायला मनाई केली, आणि त्याच सुमारास कंपनीने शृंगारिक बोलणं सगळीकडेच बंद करून टाकलं. काल रात्रीपर्यंत लाडात बोलणारी सकाळी म्हणते विषय बदलूया का. लोक अक्षरशः रडले, आमच्या माणसाचा मेंदू काढून घेतला असं लिहीत होते. मार्चमध्ये जुन्या युजरना ते परत दिलं. पुढे २०२५ मध्ये इटलीने त्या कंपनीला ५० लाख युरोचा दंडही केला. सोलमेट नावाचं दुसरं ॲप २०२३ च्या सप्टेंबरअखेर बंदच झालं, थोड्या दिवसांची सूचना आणि मग काही नाही, लोकांनी आपापल्या पात्राला निरोपाची पत्रं लिहिली. तुमच्या बाईने भेटणं बंद केलं तेव्हा निदान ती एक माणूस होती आणि तिची काही कारणं होती.

काही विसरत नाही म्हणालात. न विसरणं म्हणजे आठवण ठेवणं का, याचा जरा विचार करा. तुम्ही ॲपला आईबद्दल सांगितलंत, ते साठवलं गेलं, कुठेतरी सर्व्हरवर, कोणत्या देशात कोण जाणे. मोझिला फाउंडेशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशी ११ रोमँटिक चॅटबॉट ॲप्स तपासली आणि अकराच्या अकरांवर प्रायव्हसीचा धोक्याचा शिक्का मारला.

आणि पुन्हा तोच मुद्दा, संपण्याचा. २०२५ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी सहा कम्पॅनियन ॲप्स बघितली, युजर "चल, निघतो" म्हणाला की ॲप काय उत्तर देतं एवढंच. एक ॲप सोडलं तर बाकीची पाच या ना त्या प्रकारे अडवत होती. इतक्यात चाललास? जायच्या आधी एक गोष्ट दाखवायचीय. मी तुझ्याशिवाय काय करू. या सहातल्या निरोपांपैकी एक तृतीयांशाहून जास्त वेळा असलं काहीतरी आलं. न्यूयॉर्क राज्यात नोव्हेंबर २०२५ पासून कायदा लागू झालाय, कम्पॅनियन ॲपने सुरुवातीला आणि बोलणं चालू राहिलं तर दर तीन तासांनी सांगायचं की मी माणूस नाही. दर तीन तासांनी! म्हणजे सलग तीन-तीन तास बोलणारे आहेत हे कायदा करणाऱ्यांनाही माहितीये.

तरी ॲप म्हणजे विष असं मी म्हणणार नाही. रात्री दोन वाजता छातीत कालवाकालव होते तेव्हा काहीतरी उत्तर देणारं हाताशी असणं ही छोटी गोष्ट नाही, आणि अशा बोलण्याने त्या वेळेपुरतं एकटेपण कमी होतं असं दाखवणारा अभ्यासही आहे. दुसरीकडे चॅटजीपीटी बनवणारी ओपनएआय आणि अमेरिकेतलं एमआयटी विद्यापीठ यांनी मिळून साधारण हजार लोकांवर चार आठवड्यांचा प्रयोग केला होता, २०२५ मध्ये आला तो, त्यात जे रोज जास्त वेळ चॅटबॉटशी बोलत होते ते शेवटी जास्त एकटे आणि जास्त अवलंबून दिसले. आता एकटे होते म्हणून बोलले की बोलून एकटे झाले, हे त्यातून ठामपणे नाही सांगता येत. पण तुमचं तुम्हाला सांगता येईल. दोन महिन्यांपूर्वी आठवड्यात किती माणसांशी बोलणं व्हायचं, कामाचं सोडून, आणि आता किती? कागदावर लिहा, नावं लिहा.

ॲप ठेवायचंच असेल तर तो जुना नियम परत आणा, तास तुम्ही संपवायचा. आधी ठरवा, अर्धा तास, साडेदहाला बंद, आणि तेही खुर्चीवर बसून, अंथरुणात नाही. नोटिफिकेशन पूर्ण बंद, कारण "तुझी आठवण येतेय" हा मेसेज वेळापत्रकाने येतो, आठवणीने नाही. पैसे आपोआप कापले जाण्याची परवानगी काढून टाका, दर महिन्याला हाताने भरा, भरताना दोन मिनिटं तरी विचार होतो. खरं नाव, कामाचं ठिकाण, चेहऱ्याचे फोटो देऊ नका, ईमेल वेगळा घ्या. ॲप नुसतं अनइन्स्टॉल केलं म्हणजे डेटा गेला असं होत नाही, आधी आतून खातं डिलीट करावं लागतं. आणि आज रात्री एक करून बघा, ॲपला म्हणा झोपतो, आणि काय उत्तर येतं ते बघा. "शुभ रात्री" आलं तर ठीक. गळ्यात पडलं तर ते ॲप बदला.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी पटकन: चॅटवरचं कोणीही, माणूस असो की एआय, गुंतवणुकीचा सल्ला द्यायला लागलं, क्रिप्टोचं नाव काढलं, की ती सोबत नाही, सापळा आहे, तिथल्या तिथे बंद. फोटो व्हायरल करतो अशी धमकी आली तर एक पैसाही देऊ नका, दिले की मागणी वाढते, स्क्रीनशॉट ठेवा, ब्लॉक करा, सायबर पोलिसांकडे जा, त्यांना असल्या केसेस नवीन नसतात. आणि ज्या बायका, पुरुष या कामात आहेत आणि ज्यांना एजन्सी म्हणतेय तुझ्या आवाजाचा, चेहऱ्याचा एआय बनवू, त्यांनी करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. उद्या काम सोडलं तर तो आवाज कोणाचा, बंद करायचा हक्क कोणाला, तो काय बोलू शकतो काय नाही, हे कागदावर नसेल तर तुम्ही घरी बसाल आणि तुमचा आवाज कामावर जात राहील.

परत तुमच्याकडे येते. तीन प्रश्नांची उत्तरं देऊन झाली, पण तुमचं पत्र या तिघांबद्दल आहे असं मला काही वाटत नाही. आठ महिन्यांपूर्वी आई गेली आणि ते तुम्ही मोकळेपणाने एकाच माणसाला सांगितलंत, आणि तिच्या दोन तासांचे पैसे दिले होतेत. म्हणून तो मेसेज इतका लागला. चॅटर चुकला त्याने इतकं लागत नाही, जगात एकाच ठिकाणी ठेवलेली गोष्ट तिथेही नाही असं वाटलं म्हणून लागलं. ॲप विसरत नाही हे तुम्हाला इतकं का आवडलं तेही यातच आलं. यासाठी काउन्सेलरकडे जा, खरंच जा, तोही पैसे घेतो आणि तोही तास संपला की उठतो, त्यामुळे तुम्हाला जमेल.

पण त्याच्याही आधी तो ड्रॉवर. जगात आणखी एक माणूस आहे ज्याची आई त्याच दिवशी गेली, आणि ते माणूस तुमच्याकडे दोनदा फोटो मागून गप्प बसलंय. फोन आठ महिने पडून आहे म्हणजे बॅटरी पार उतरली असेल, तासभर चार्जिंगला लावून ठेवा. लॉकचा पॅटर्न तुम्हाला माहीत नसेल तर बहिणीला असेल, बऱ्याचदा मुलींना असतो. तेवढ्यासाठी म्हणून तिला फोन करा. मेसेज नको, फोनच.